सेल फिरतोय पण ट्रॅक्टर पकडत नाही? पंप काढायच्या आधी हे बघा

भाऊ, तुमचं सगळं नीट वाचलं. परांड्याकडं तुमचा जुना मॅसी १०३५, वडिलांच्या हातचा, दिवाळीपासून शेडात उभा होता म्हणजे सात-आठ महिने. आता पेरणीच्या तोंडावर काढायला गेलात तर सेल (स्टार्टर) फिरतोय पण इंजिन पकडत नाही. नवीन बॅटरी टाकली, दोनदा शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरनं ओढून बघितला, "धूर पण निघत नाही" असंही लिहिलंय, आणि आता मिस्त्री म्हणतोय पंप (इंजिनाला दाबानं डिझेल देणारा मेन डिझेल पंप) गेला, काढून गावाला पाठवू. तुमचा प्रश्न असा की पंप काढू द्यावा का सरळ भंगारात घालावा.

दोन्ही नको, निदान आज तरी नको. मी अठ्ठावीस वर्षं बार्शी भागात ट्रॅक्टरचीच कामं करतोय, त्यातली निम्मी जुन्या मशीनवर, आणि हे अगदी मनापासून सांगतो की चालता चालता शेडात लावलेल्या इंजिनाचा पंप नुसता उभा राहून गेला असं फार कमी वेळा बघितलंय. बहुतेक वेळा दोष पंपाच्या अलीकडं असतो, टाकीपासून पंपापर्यंतच्या पाच-सहा फुटांत, आणि तो वायसर (वॉशर), नळी, जाळी असल्या किरकोळ वस्तूत असतो. पण पंप काढणं मिस्त्रीला सोपं जातं, चार बोल्ट सोडले की जबाबदारी पंपवाल्याची. म्हणून आधी डिझेल कुठपर्यंत येतंय ते आपण स्वतः बघायचं, टाकीपासून सुरू करून एकेक टप्पा, मधला एकही न गाळता.

तुम्ही ते धुराचं वाक्य सहज लिहून गेलात पण मला सगळ्या प्रश्नात तेच कामाचं वाटलं. सेल मारताना सायलेन्सरमधून काय निघतंय त्यावरून अर्धं निदान होतं. काहीच निघत नाही म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल जातच नाही. पांढरा धूर भसाभसा निघतोय पण पेटत नाही म्हणजे डिझेल जातंय पण आत गरमी कमी पडतेय. काळा निघतोय म्हणजे हवा कमी. तुमचा पहिला प्रकार, त्यामुळं कॉम्प्रेशन, रिंगा, हेड असल्या गोष्टींवर आज डोकं लावू नका. खालच्या तीन गोष्टी बघून झाल्या की एकदा नीट खात्री मात्र करा, एकानं सेल मारायचा आणि दुसऱ्यानं सायलेन्सरच्या तोंडामागं आभाळ येईल असं उभं राहून बघायचं, कारण शेडाच्या अंधारात बारीक पांढरा धूर दिसत नाही.

सेलला परत हात लावायच्या आधी तीन गोष्टी, ह्या वगळू नका.

पहिली, इंजिन ऑइलची काडी काढा. लेव्हल वर चढलेली असेल आणि बोटाला डिझेलचा वास येत असेल तर बहुतेक फीड पंपाचा (टाकीतून डिझेल ओढून मेन पंपाकडं देणारा छोटा पंप) पडदा फाटून डिझेल चेंबरमध्ये (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यात) उतरलंय, ते ऑइल बदलल्याशिवाय इंजिन चालू करायचं नाही, पातळ ऑइलवर बेअरिंग जातात आणि तेच ऑइल वर जाऊन इंजिन बेफाम पळूही शकतं. ऑइल चहाच्या रंगाचं झालेलं दिसलं तर पाणी आहे, मग काम वेगळं.

दुसरी, सायलेन्सर उभा आहे का आणि त्यावर डबडं उपडं घातलेलं होतं का? शेडाचा पत्रा गळत असेल तर उभ्या सायलेन्सरमधून पाणी थेट मॅनिफोल्डमध्ये, आणि व्हॉल्व्ह उघडा राहिलेल्या सिलिंडरमध्ये उतरतं. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळं सेल मारला की ठक्क करून इंजिन अडतं आणि जोर केला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. तुमचा सेल सरळ फिरतोय म्हणजे बहुतेक सुटलात, पण कधीही असं ठक्क झालं तर दुसऱ्यांदा सेल मारू नका, तिन्ही नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे, दर सिलिंडरला एक) काढा आणि मग फिरवा, पाणी भोकातून बाहेर उडेल.

तिसरी, गिअर न्यूट्रलला आहे हे गिअर दांडी हलवून बघा, हँडब्रेक ओढा, मागच्या चाकाला दगड लावा. आणि खाली उभं राहून सोलेनॉइडवर स्क्रू ड्रायव्हर टेकवून सेल मारायची सवय असेल तर ती आजपासून बंद. गिअरमध्ये असलेला ट्रॅक्टर असा चालू झाला की मागचं चाक माणसाच्या अंगावरून जातं, आमच्या भागात अशी माणसं गेलेली आहेत. सीटवर बसूनच सेल मारायचा.

आता सेल. नवीन बॅटरी टाकली म्हणजे सेलचं काम संपलं असं नाही. डिझेल इंजिनात ठिणगी नसते, हवा दाबून इतकी गरम करायची की डिझेल आपोआप पेटेल, आणि त्यासाठी इंजिन दणक्यात फिरलं पाहिजे, मिनिटाला दीडशे-दोनशे फेऱ्या तरी. रडत रडत फिरलं तर दाबलेली हवा रिंगांच्या बाजूनं निसटते आणि गरमी येत नाही. मल्टीमीटर असेल तर उभ्या बॅटरीवर १२.६ च्या आसपास दिसलं पाहिजे आणि सेल मारताना ९.६ च्या खाली उतरायला नको. बॅटरी चांगली असूनही सेल हळू असेल तर मीटरची एक तार बॅटरीच्या मायनस खुंटीवर आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या लोखंडावर धरून सेल मारायला सांगा, तिथं अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला तर अर्थिंग खराब. मीटर नसेल तर जंपर केबलचं एक टोक मायनसला आणि दुसरं सरळ इंजिनाच्या हुकाला लावा, सेलचा आवाज एकदम बदलला तर दोष सापडला. जुन्या ट्रॅक्टरला अर्थची पट्टी रंगावर, गंजावर आवळलेली असते, तेवढी जागा पॉलिश पेपरनं घासली की काम होतं. आणि सलग दहा सेकंदाच्या वर सेल मारू नका, मध्ये मिनिटभर थांबा, नाहीतर बॅटरी पण जाते आणि सेलचे कार्बन पण.

आता डिझेलची वाट. इथं घाई करू नका, सगळं काम ह्याच्यातच आहे.

टाकीत किती डिझेल आहे ते लिहिलं नाही. आठ महिने अर्धी टाकी उभी असेल तर रात्रीच्या गारव्यानं आतल्या पत्र्याला दव धरतं, ते पाणी खाली बसतं, आणि पाणी-डिझेलच्या सांध्यावर काळपट शेवाळासारखी चिकट घाण तयार होते. टाकीचा तळाचा ड्रेन सोडा (नसेल तर कॉकनंतरची नळी काढा) आणि पहिलं लिटरभर डिझेल पारदर्शक बाटलीत धरा. तासभर बाटली हलवायची नाही. खाली वेगळा थर दिसला तर ते पाणी, मग टाकी पूर्ण रिकामी करून धुवा, त्यात नवीन डिझेल ओतून भागणार नाही.

नळी काढल्यावर डिझेल कसं येतंय ते बघा. कॉक उघडा ठेवला की बोटाच्या जाडीची सरळ धार लागली पाहिजे. थेंब थेंब किंवा काडीसारखी बारीक येत असेल तर आतली जाळी चोंदली. तसंच धार लागलेली असताना टाकीचं झाकण उघडा, झाकण उघडताच धार वाढली तर झाकणाचं हवेचं भोक बंद आहे, टाकीत हवा जात नाही म्हणून डिझेल उतरत नाही. हे भोक मातीनं बंद होतं नाहीतर कुंभारमाशी त्यात घर करते, आणि ते कोणीही बघत नाही. तार घालून साफ करायला एक मिनिट.

एक प्रसंग सांगतो म्हणजे मी ह्याच्यावर एवढा जोर का देतोय ते कळेल. काही वर्षांपूर्वी एक शेतकरी माझ्याकडं आला, ऐन पेरणीत, त्याच्या ट्रॅक्टरचा पंप दुसरीकडं काढून दोन वेळा गावाला जाऊन आला होता, नोझल नवीन, फिल्टर नवीन, तरी ट्रॅक्टर कधी चालू व्हायचा, पाच मिनिटं चालायचा आणि गुदमरून बंद, मग तासभर काही केल्या चालू नाही, तासाभरानं परत चालू. मी काहीच खोललं नाही, फक्त टाकीच्या कॉकखालची नळी काढली. धार चांगली आली. तसंच डबा खाली धरून उभा राहिलो, दोन लिटर झालं, तीन लिटर झालं, आणि माझ्या डोळ्यासमोर धार बारीक होत होत बंद पडली. कॉक काढून टाकीच्या भोकात बोट घातलं तर आत फडक्याचा एक तुकडा होता, बोटाएवढा, डिझेल भरताना नरसाळ्याला गुंडाळलेल्या कापडाचा असणार. डिझेल ओढलं जायला लागलं की तो हळूहळू येऊन भोकावर बसायचा आणि इंजिन बंद पडून थोडा वेळ गेला की तरंगून बाजूला व्हायचा. तो तुकडा त्यानं माझ्या हातातून घेतला आणि बराच वेळ बघत उभा राहिला, दोन आठवडे आणि पेरणीचा वाफसा गेला होता त्याचा. तेव्हापासून मी धार बघताना नुसती बघत नाही, चार-पाच लिटर वाहू देतो.

पुढं, काही मशीनला फीड पंपाच्या अलीकडं काचेची वाटी असते, असेल तर ती काढून धुवा, तिचा रबर कडक झाला असेल तर बदला. रबरी नळ्या हातानं दाबा, वाकवून बघा, भेगा दिसल्या की बदलाच. इथं एक गोष्ट लक्षात ठेवा, बऱ्याच जणांची इथंच फसगत होते: टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या नळीत पंप डिझेल ओढत असतो. त्यामुळं तिथं भेग असली तरी दर वेळी गळेल असं नाही, टाकी भरलेली असेल तर बाहेर थेंब दिसतो, पण टाकी खाली गेली किंवा जाळी अर्धी चोंदली की तीच भेग बाहेरची हवा आत घेते. म्हणून "कुठंच गळत नाही, मग हवा कशी धरते" ह्याचं उत्तर बहुतेक वेळा ह्या नळीत असतं.

आता ती परीक्षा जी मी नवीन पोरांना सगळ्यात आधी शिकवतो. पाच लिटरचा स्वच्छ कॅन घ्या, त्यात पेट्रोल पंपावरचं ताजं डिझेल गाळून भरा, आणि इंजिनापेक्षा उंच टांगा, शेडाच्या आडव्या नळीला दोरीनं बांधला तरी चालेल. त्यातून पारदर्शक प्लास्टिकची नळी काढून पहिल्या फिल्टरच्या इनलेटला क्लिपनं घट्ट बसवा. म्हणजे टाकी, कॉक, जाळी, जुन्या नळ्या, फीड पंप सगळं बाजूला राहिलं, डिझेल स्वतःच्या वजनानं खाली येणार. हवा काढा आणि सेल मारा. इंजिन पकडलं तर पंपाला नमस्कार करा आणि मिस्त्रीला चहा पाजून परत पाठवा, तुमचा दोष कॅननं ज्या वस्तू वगळल्या त्यातच आहे. नाही पकडलं तर दोष निदान तेवढ्याच भागात नाही हे ठरलं आणि आपण पुढं सरकलो. नळी पारदर्शक असल्यानं बुडबुडे पण दिसतात.

हवा काढायचं काम सगळ्यांना येतं असं वाटतं पण नीट फार कमी जण करतात. क्रम डिझेल जातं तसाच. पहिल्या फिल्टरच्या डोक्यावरचा हवेचा स्क्रू दोन आटे सैल करा, फीड पंपाचा हातपंप मारा (कॅनवर असाल तर नुसतं थांबा, वेळ लागतो पण येतं), आधी फेस येईल, मग बुडबुडे, मग सलग डिझेल. सलग यायला लागल्यावरही दहा-बारा वेळा मारा, मग डिझेल येत असतानाच स्क्रू आवळा. तसंच दुसऱ्या फिल्टरला, तसंच मेन पंपावरच्या स्क्रूला. हातपंप दोन प्रकारचे असतात. गुंडी फिरवून सोडायची आणि वरखाली मारायची तो एक, काम झाल्यावर ती गुंडी परत आटून बसवायला विसरू नका, नाहीतर तिथूनच हवा घेतो. दुसरा छोट्या दांडीचा, आणि त्यात एक खोच आहे: दांडी हलते पण हाताला काहीच जोर लागत नाही, लोक म्हणतात फीड पंप गेला. गेलेला नसतो. इंजिन अशा जागी थांबलेलं असतं की कॅमनं आतला पडदा आधीच खेचून धरलाय, मग दांडीला काम उरत नाही. सेलचा एक छोटा झटका द्या, इंजिन थोडं फिरलं की त्याच दांडीला छान दाब लागेल.

बॅंजो बोल्टचे (डिझेलची नळी जोडायचा मधून पोकळ बोल्ट) वायसर बघा. जुनेच वायसर दहा वेळा आवळून त्यावर चरे पडलेले असतात, तिथून हवा घेते. तांब्याचे असतील आणि नवीन मिळत नसतील तर तारेत अडकवून गॅसवर लाल होईपर्यंत तापवा आणि पाण्यात टाका, तांबं मऊ पडतं आणि परत नीट बसतं. अॲल्युमिनियमचे मात्र बदलायचे, तापवायचे नाहीत.

मेन पंपापर्यंत बुडबुडे न येता डिझेल आलं की मग नोझलकडं. तिन्ही नोझलकडच्या नळ्यांचे नट एक-एक आटा सैल करा, पूर्ण काढायचे नाहीत. ॲक्सिलरेटर अर्ध्याच्या वर ओढा, स्टॉपची गुंडी पूर्ण आत, आणि सेल मारा. नटांपाशी चळक-चळक असं डिझेल उसळलं पाहिजे. आलं की एकेक नट आवळत जा, बऱ्याचदा दुसरा आवळताना इंजिन पकडतंच. ह्या वेळी हात आणि तोंड लांब ठेवा. ह्या इंजिनांची नोझल १७५ ते २०० किलोच्या दाबानं फवारतात, असली फवारणी कातडीतून सरळ आत शिरते, वरून नुसतं सुई टोचल्यासारखं दिसतं पण आत डिझेल पसरतं. तसं झालंच तर त्याच वेळी मोठ्या दवाखान्यात जायचं, उद्या बघू म्हणायचं नाही, बोट जाऊ शकतं.

आता समजा मेन पंपापर्यंत स्वच्छ डिझेल येतंय, हवा नाही, आणि नट सैल करूनही तिथं काहीच उसळत नाही. मला वाटतं तुमचं इथंच अडकलेलं असणार, आठ महिने उभा आणि धूर शून्य म्हटल्यावर माझं पहिलं बोट इकडंच जातं. आधी साधी गोष्ट, स्टॉपची केबल. तुम्ही सीटजवळची गुंडी आत ढकलली तरी केबल आत गंजून पंपावरची दांडी बंदच्याच जागेवर राहिलेली असते. गुंडी हलते म्हणजे दांडी हलते असं समजू नका, पंपापाशी जाऊन दांडी स्वतःच्या डोळ्यांनी बघा, केबल सोडून हातानं चालूच्या बाजूला न्या. मी स्वतः दोन मशीन बघितलीत जी तेवढ्यावर चालू झाली.

दांडी नीट असेल तर तुमच्यावर कुठला पंप आहे ते बघा. लांबट, पेटीसारखा, वरून तिन्ही नळ्या एका ओळीत निघतात तो इनलाइन. गोल, आणि नळ्या मागच्या डोक्यातून गोलाकार निघतात तो रोटरी. इनलाइन असेल तर बाजूची चपटी प्लेट दोन-तीन स्क्रूवर असते. भोवतालची सगळी माती आधी ब्रशनं आणि डिझेलनं धुवा, एक कण पण आत जाता कामा नये, मग प्लेट काढा. आत प्लंजर, स्प्रिंगा आणि त्यांच्या मागं आडवा रॅक (डिझेल कमी-जास्त करणारी सरकती पट्टी) दिसेल. दुसऱ्याला स्टॉपची दांडी मागंपुढं करायला लावा, रॅक तिच्याबरोबर सरकला पाहिजे. जुनं डिझेल वाळून मधासारखा चिकट थर झाला की रॅक बंदच्या जागी चिकटतो, मग कितीही सेल मारा, कितीही ओढा, पंप डिझेल सोडणारच नाही. अशा वेळी स्वच्छ डिझेल किंवा गंज सोडवायचा स्प्रे मारून अर्धा तास भिजू द्या आणि स्क्रू ड्रायव्हरच्या टोकानं रॅक अलगद, केसभर इकडं केसभर तिकडं करत मोकळा करा. ठोकायचं नाही, पक्कड लावायची नाही. मोकळा झाला की बोटानं ढकलला तरी लोण्यासारखा सरकतो, तो हाताला लगेच कळतो.

पण इथं खरा धोका आहे. चिकटलेला रॅक सुटला आणि परत चिकटला तो नेमका फुल डिझेलच्या जागी, तर इंजिन चालू होताच वाट्टेल तसं पळेल आणि स्टॉप ओढून थांबणार नाही. म्हणून पहिल्यांदा चालू करताना एअर क्लीनरची नळी काढून ठेवा आणि हवा आत जाते त्या तोंडाजवळ एक माणूस जाड सपाट फळी घेऊन उभा करा, पळालं की फळी दाबून हवा बंद करायची. हात किंवा पोतं लावायचं नाही, इंजिन ते आत ओढतं. आणि ही तयारी केल्याशिवाय रॅक सोडवलेलं इंजिन चालू करू नका, एवढं माझं ऐका.

रोटरी पंप असेल तर त्यात आतला मीटरिंग व्हॉल्व्ह (डिझेल मोजून सोडणारा) असाच चिकटतो, पण तो घरी खोलायचा नाही. हवा परत एकदा नीट काढा, कॅनमधल्या ताज्या डिझेलनं पंप भरून रात्रभर तसाच ठेवा आणि सकाळी परत प्रयत्न करा, काही वेळा चिकटलेलं मऊ पडून सुटतं. नाही सुटलं तर मग पंपवाला.

हवा काढल्यानंतर सायलेन्सरमधून पांढरा धूर यायला लागला पण पेटत नसेल तर अर्धी लढाई जिंकली असं समजा, डिझेल आत गेलं. तेव्हा एअर क्लीनर बघा, ऑइलचा असेल तर वाटीत चिखल झाला असेल, नळीत उंदरानं घर केलं असेल, मी तिथून मूठ-मूठ भुईमुगाची टरफलं काढलीत. ऑइल खुणेपर्यंतच भरा, जास्त नाही, जास्त झालेलं ऑइल इंजिन ओढून घेतं. मग सेलचा वेग. मग टॅपेट कव्हर काढून सेल मारा आणि सगळे व्हॉल्व्ह वरखाली होतात का बघा, दमट शेडात एखादा व्हॉल्व्ह गाईडमध्ये गंजून उघडाच अडकतो आणि त्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन शून्य. हे सगळं बरोबर असेल तर नोझल काढून टेस्टिंगला द्या आणि त्याच वेळी त्या भोकातून कॉम्प्रेशन मोजून घ्या. टायमिंग (डिझेल नेमकं कधी फवारायचं ती वेळ) बिघडलं असं कोणी म्हणालं तर विचारा, पंप किंवा गिअर कव्हर कोणी खोललं होतं का? चांगलं चालणारं इंजिन उभं राहून टायमिंग बदलत नाही. आणि गारठ्याचे दिवस असतील, निफाडकडं हिवाळ्यात असतो तसला, तर रेडिएटरचं पाणी काढून त्यात हाताला सोसेल एवढं गरम पाणी भरा, दहा मिनिटं थांबा, फार फरक पडतो. तुमच्याकडं जूनमध्ये ह्याची गरज नाही.

एअर क्लीनरमध्ये पेट्रोल ओतणं, पेटता बोळा धरणं, स्प्रे मारणं, ह्यातलं काही करू नका. पेट्रोल आणि ते स्प्रे डिझेलच्या आधीच, पिस्टन वर येताना भडकतात, रिंगा तुटतात, पिस्टनची कड उडते, आणि मग दहा रुपयांच्या वायसरचं काम इंजिन खोलण्यावर जातं. बोळ्याचं तर शेडात कडबा असताना नावच काढू नका. ओढून चालू करणंही आता बास करा, डिझेलच येत नाही तर ओढून काय पेटणार, उलट क्लच आणि गिअरवर मार.

चालू झाला की लगेच रेस करू नका. आधी ऑइलचा काटा किंवा दिवा बघा, दाब आला नाही तर लगेच बंद. आला तर हळू रेसवर पंधरा मिनिटं राहू द्या, पहिली दोन-चार मिनिटं धूर आणि टकटक जास्त असेल, तिकडं घाबरायचं नाही. त्यानंतर दोन्ही फिल्टर नवीन टाका, कारण टाकीच्या तळाची घाण आता त्यांच्यात आलेली आहे, आणि टाकी वरपर्यंत भरून ठेवा म्हणजे पावसाळ्यात आत दव धरायला जागाच राहणार नाही.

आणि हे सगळं केलं, मेन पंपापर्यंत डिझेल येतंय, हवा नाही, स्टॉपची दांडी चालूवर आहे, रॅक सरकतोय, तरी नोझलच्या नटांपाशी थेंब नाही, तर मग मीच सांगतो पंप काढा. पण काढताना पंपाच्या फ्लॅन्जवर आणि इंजिनाच्या बॉडीवर मिळून एक रेघ छिन्नीनं मारून घ्या, कंपनीची खूण असेल तर तिचा मोबाइलवर जवळून फोटो घ्या, म्हणजे बसवताना टायमिंग अंदाजानं धरावं लागणार नाही. नळ्यांची सगळी तोंडं स्वच्छ प्लास्टिकच्या टोप्यांनी बंद करा, फडकं कोंबू नका. पंप पाठवू नका, स्वतः घेऊन जा, कॅलिब्रेशनची मशीन असलेल्याच दुकानात, नोझल पण सोबत न्या, आणि मशीनवर लावल्यावर तिन्ही नळकांड्यांत डिझेल सारखं भरतंय का ते समोर उभं राहून बघा. तिन्ही सारखी भरलेली दिसली की मगच पंप गाडीत ठेवा.